एबेरचे कपडे

सांता ऊर्सुला,
गुरुवार, २७ एप्रिल १९८९

प्रिय देल्मीरा,

पाकिटावरचं नाव वाचून आधी हसशील. ज्या माणसाला वाण्याची यादी धड लिहिता येत नव्हती त्याने वहीची पानं फाडून पत्र लिहावं, म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा. अक्षर तुझंच आहे, तू शिकवलेलं. चुका तेवढ्या माझ्या. परवा मंगळवारी तू आलीस, माझ्या स्वयंपाकघरात बसून तीन वेळा माते, आपला तो पाल्याचा चहा, नळीने ओढलास आणि निघताना विचारलंस, "ओरिबे, तू तेव्हा छावणीत होतास. एबेरचं काय झालं, तुझ्या कानावर काहीच आलं नाही?" मी किटलीकडे बघत म्हणालो, नाही. तुझ्या भावाबद्दल हाच प्रश्न तू साडेतेरा वर्षांपूर्वी छावणीच्या फाटकावर विचारला होतास. तेव्हाही मी नाहीच म्हणालो होतो. दोन्ही वेळा खोटं बोललो. खरं काय ते सांगायला हे पत्र आहे. पण सरळ तिथवर चालत जायची माझी छाती नाही, तेव्हा आडवाटेने येतो. मध्येच फाडून टाकू नकोस, एवढं कर.

माझी जुनी सही तुला आठवत असेल. मतदार म्हणून नाव नोंदवलं तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. एक वाकडा ओ आणि पुढे मेलेल्या गांडुळासारखी रेघ, झाली सही. ती पाहून तू इतकी हसलीस की डोळ्यांत पाणी आलं तुझ्या. मग रविवारी तुमच्याकडे रावीओली खाऊन झाली की टेबलावरच्या मेणकापडावर वही उघडून तू मला बसवायचीस. तुझी आई भांडी विसळत असायची आणि एबेर खुर्चीवर पाय टाकून, सिगारेट ओढत, आमची टर उडवायचा. "मास्तरीणबाई, घोड्याला पियानो शिकवताय," म्हणायचा. माझ्या गणवेशावर त्याचा राग होता आणि तो त्याने कधी लपवला नाही. पण माझ्या आईच्या घराचं छप्पर वादळात उडालं तेव्हा गिरणीतली पाळी संपवून, शिडी खांद्यावर टाकून, न सांगता आलेला तो एकटाच. गावात तेव्हा नोकऱ्या दोनच: तांदळाची गिरणी, नाहीतर छावणी. गिरणीने मला घेतलं नाही, छावणीने घेतलं. तिथे निदान पोटाला होतं. शिवाय मी आचारी. वाटलं, आपला हात फार तर कांद्याच्या रक्ताने माखेल.

कांद्याला रक्त नसतं हे मला त्र्याहत्तरनंतर कळलं. लष्कराने सरकार गिळलं आणि आमच्या खोगिराच्या कोठीमागची खोली रिकामी करून घेतली. कॅप्टन एचेनिकेला काम करताना माते लागायचं. पाणी उकळलेलं चालायचं नाही. किटलीत नुसती कुजबूज सुरू झाली की उतरवायची. उकळी आली तर तेच पाणी माझ्या पायांवर. डाव्या पायावरचा डाग तू पाहिला आहेस, तेल सांडलं असं मी तुला सांगितलं होतं. तर त्या किटलीपायी मला त्या खोलीत कोपऱ्यात शेगडी घेऊन उभं राहावं लागायचं. तोंडावर पोतं बांधलेली माणसं आणत. हात मागे बांधून त्याच दोरीने आढ्याला टांगत, म्हणजे खांदा निखळायचा. आवाज कोंबडीची तंगडी मोडावी तसा. मग वीज. मग पिंपाला मधून कापून केलेली टाकी, तिच्यात पाणी, आणि पाण्यात आधीच्या माणसाची ओकारी आणि घाण. माणूस आधी शिव्या देतो, मग देवाला बोलावतो, मग आईला. त्यानंतर जे येतं ते कुणाला बोलावणं नसतं. एका शाळामास्तराच्या पायाची नखं काढत असताना कॅप्टन मध्येच थांबला, नळीतून एक घोट ओढला आणि मला म्हणाला, "तेचेरा, आज कडू झालंय." मी म्हणालो, बदलतो साहेब. बाहेर येऊन मी ओकलो आणि मग चाळीस जणांना जेवण वाढलं. मला ओकल्याची लाज नाही वाटत, वाढल्याची वाटते.

पंच्याहत्तरच्या ऑक्टोबरात एबेरला गिरणीच्या दारातून उचललं. त्याच्या कामगार संघाचे आणखी चौघे होते. दर बुधवारी तू फाटकावर यायचीस, हातात धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं, वर आईने दिलेली पेरूच्या मुरंब्याची वडी. ते द्यायचं आणि आधीचे मळके कपडे परत घ्यायचे, हा नियम. तू ते तिथेच उलगडून उजेडात धरायचीस, रक्ताचा डाग आहे का बघायला. शेवटच्या बुधवारी पहाऱ्यावरच्या हवालदाराने कागदावरून वाचून दाखवलं, की एबेर पळाला, नदी पोहून पलीकडे अर्जेंटिनात गेला. आणि तू त्याला ओलांडून, मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलंस आणि विचारलंस. त्यानंतर मी तुमच्या घराची पायरी चढलो नाही. गावाने अर्थ लावला, बंडखोराच्या बहिणीपायी पोरगा नोकरी कशाला घालवेल. तूही तोच लावलास. मी तो लावू दिला. लोकांनी भित्रा म्हणावं, हे खऱ्यापुढे काहीच नव्हतं.

पुढच्या वर्षी मी नोकरी सोडली. कॅप्टनच्या शब्दावर मला त्याच गिरणीत राखणदाराची जागा मिळाली, यातली थट्टा तुझ्या लक्षात येईल. लष्कर बराकीत परत गेलं, निवडणुका झाल्या, लोक रस्त्यावर नाचले, आणि मी घरात बसून दारावर थाप पडायची वाट बघत होतो. आज न्यायाधीशाचा माणूस येईल, उद्या येईल. खाई त्याला खवखवे. थाप पडली नाहीच, त्याऐवजी कायदा आला. सत्त्याऐंशीत तू सह्यांचे कागद घेऊन दारोदार फिरत होतीस तेव्हा माझ्या उंबऱ्यात उभं राहून तो मला समजावून सांगितलास, लहान मुलाला सांगावा तसा: लोकशाही यायच्या आधी गणवेशातल्यांनी जे जे केलं त्याची शिक्षा मागायचा हक्क सरकारने सोडून दिला आहे, देशातल्या चार मतदारांतल्या एकाने सही केली तर त्यावर मतदान घ्यावं लागेल. अकरा वर्षांनी तू माझ्याशी बोलत होतीस, आणि तेही कागदावर सही हवी म्हणून. मी सही केली. दाराच्या चौकटीवर कागद ठेवून, 'ओ'पासून शेवटच्या 'आ'पर्यंत, तू शिकवलीस तशी.

का केली, ते आता सांगतो. त्या कायद्याची छत्री एचेनिकेच्या डोक्यावर होती तशी माझ्याही होती. ती उडाली असती तर मीही भिजलो असतो. पण मला वाटायचं, एकदा कोणीतरी बोलावून, शपथ घालून, समोर बसवून विचारू दे. विचारलं की सांगता येईल. आपणहून सांगायला जे लागतं ते माझ्याकडे नव्हतं.

मग गेल्या डिसेंबरात ती सह्यांची भानगड निघाली. हजारो सह्या नोंदवहीशी जुळत नाहीत म्हणून बाजूला काढल्या आणि सांगितलं, ज्यांच्या असतील त्यांनी तीन दिवसांत स्वतः येऊन आपली सही आपलीच आहे हे सिद्ध करावं. गावातली नावं शाळेच्या दारावर चिकटवली. तेचेरा, ओरिबे. माझी तर जुळणार कशी? नोंदवहीत गांडूळ आणि कागदावर मास्तरीणबाईंचं वळण. तू शिकवलीस म्हणून माझी सही खोटी ठरली. रविवारी उन्हाच्या वेळी मी निघालो. शाळेसमोरच्या दारूच्या दुकानाबाहेर एचेनिके खुर्ची टाकून बसला होता, आता निवृत्त लेफ्टनंट कर्नल, पोट सुटलेला, काखेत थर्मास. येणाऱ्या जाणाऱ्याकडे बघून नुसती मान हलवायचा. मला बघून उठला आणि खांद्यावर हात टाकून, जुना मित्र भेटावा तसा, मला गोदामाच्या बोळात घेऊन गेला.

तो म्हणाला, "काय रे तेचेरा, वाट चुकलास का?" मी म्हणालो, नाही साहेब, सही करायला चाललोय. तो हसला. "अरे गाढवा, तो कायदा माझ्या एकट्यासाठी केलाय असं वाटलं तुला? माझ्यापाशी वकील आहेत, पेन्शन आहे. तुझ्यापाशी काय आहे? ती मास्तरीण?" मी चालायला लागलो. त्याच्या दोन माणसांनी मला मागून धरलं. पहिला ठोसा पोटात, म्हणजे ओरडता येत नाही. ही त्यांची पद्धत मला पाठ होती. मग थर्मास. लोखंडी होता, भरलेला. एचेनिकेने तो स्वतःच्या हाताने माझ्या तोंडावर मारला, दोनदा, घाई न करता. समोरचे तीन दात जिभेवर आले. खाली पडलो तर बरगडीत बूट. तुला खोटं नाही सांगत, मला त्यात एक प्रकारचं बरं वाटत होतं. वाटलं, चला, सुरू झालं एकदाचं. पण त्यांनी लवकरच सोडलं. रविवारची गर्दी होती.

मी उठलो आणि शाळेत गेलो. रांगेतल्या लोकांनी मला पुढे जायला वाट दिली. टेबलावरच्या कारकुनाने माझ्याकडे बघितलं, पांढरा पडला, आणि म्हणाला, जुनी सही करून दाखवा. मला ती येईना, देल्मीरा. तो वाकडा ओ काढायला गेलो तर तुझाच गोल ओ उतरायचा. तीन वेळा प्रयत्न केला, कागदावर रक्त टपकत होतं. शेवटी त्याने शाईची डबी पुढे सरकवली. एवढी वर्षं अक्षर गिरवून मी पुन्हा अंगठेबहाद्दर झालो. अंगठा जुळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि गर्दीतून तू आलीस, आपल्या रुमालाने माझं तोंड पुसलंस, सगळ्यांदेखत. आणि म्हणालीस, "तुझ्याबद्दल मी इतकी वर्षं चुकीचं समजत होते रे." थर्मासने जे झालं नव्हतं ते त्या वाक्याने झालं. मी रडलो. तुला वाटलं, दातांमुळे.

सोळा एप्रिलला मतदानात काय झालं ते तुला मी काय सांगू. हिरवी चिठ्ठी कायदा मोडायला, पिवळी तो राखायला. आपल्या गावात पिवळ्यांचा ढीग लागला. लोकांना शांतता हवी होती, आणि माझ्यासारख्यांनी तोंड उघडलं नव्हतं, तर त्यांनी तरी कशाच्या जोरावर हिरवी टाकायची? दुसऱ्या दिवशी बेकरीत एचेनिके भेटला. हातात पावांची पिशवी. माझ्या नव्या कवळीकडे बघून म्हणाला, "आता सुखाने चाव. तुला कधीच कोणी काही विचारणार नाही." माझ्या खिशात मांसाची सुरी होती, गिरणीत दोरखंड कापायला ठेवतो ती. त्याचं नरडं माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होतं आणि कुठे कापायचं ते आचाऱ्याला सांगावं लागत नाही. मी ती मुठीत धरलीही. मग बेकरीवाल्या बाईने मला विचारलं, काय देऊ, आणि मी म्हणालो, अर्धा किलो बिस्किटं. घरी येऊन स्वतःवर थुंकावंसं वाटलं. तो जगला म्हणून नव्हे. त्याला मारलं असतं तर मला बोलायची गरज उरली नसती, आणि मला तेच हवं होतं, हे कळलं म्हणून.

आणि मंगळवारी तू विचारलंस. न्यायाधीश नको, शपथ नको. माझ्या टेबलाशी बसून, माझं माते पिऊन विचारलंस. मी नाही म्हणालो. म्हणजे कोणी विचारत नाही ही इतक्या वर्षांची माझी सबब होती, एवढंच. आता ऐक.

आणल्याच्या चौथ्या दिवशी, दुपारी, एबेर त्या खोलीत होता. डोक्यावर पोतं, खांदे दोन्ही निखळलेले, अंगावर रबरी नळीचे वळ. चार दिवसांत त्याने एकही नाव दिलं नव्हतं. मी किटली घेऊन जवळून गेलो आणि पोत्यातून त्याचा आवाज आला, "कांद्याचा वास येतोय. बूटपॉलिश, तू आहेस का रे?" तुमच्या टेबलावर तो मला ज्या नावाने चिडवायचा त्या नावाने. मदत मागत नव्हता, ओळखीचं माणूस भेटल्यासारखा बोलला. एचेनिके माझ्याकडे वळला. म्हणाला, "हा ओळखतो तुला?" मी म्हणालो, "नाही साहेब." तो म्हणाला, "मग धर." मी एबेरची मान धरली आणि त्याचं डोकं टाकीत दाबलं. कॅप्टन साठ मोजून थांबवायचा. दोनदा तसं झालं. तिसऱ्या वेळी कचेरीत फोन वाजला आणि हाताखालच्या दोन्ही शिपायांना घेऊन तो गेला. दारातून म्हणाला, "मी येईपर्यंत सोडू नकोस." मी साठ मोजले. मग पुन्हा एकपासून सुरुवात केली. एबेरने पिंपावर लाथा मारल्या, माझ्या नडगीवर मारल्या, मग नुसते पाय हलले, मग तेही थांबले. मी धरूनच होतो. माझ्या डोक्याला कोणी पिस्तूल लावलं नव्हतं, देल्मीरा. खोलीत माझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. मला फक्त हात उचलायचे होते. कॅप्टन आला, बघितलं, म्हणाला, "गाढवा, मेला की हा," आणि माते मागितलं. मी दिलं. त्यानंतर आणखी तीन बुधवार तू गाठोडं आणलंस. संशय येऊ नये म्हणून परत द्यायला मळके कपडे हवेत, असा हुकूम होता. ते एबेरचे सदरे मी अंगात घालून स्वयंपाक केला, घामाने मळवले आणि तुला दिले. तू त्यांवर रक्त शोधत होतीस आणि डाग नाही म्हणून हसलीस. तुझ्या आईने तीन आठवडे माझा घाम धुतला. वड्याही मीच खाल्ल्या.

मंगळवारी तू सांगितलंस की अर्जेंटिनातल्या रोझारिओच्या एका इस्पितळात स्मृती गेलेला एक माणूस आहे, भुवईवर एबेरसारखा व्रण असलेला, त्याच्याच वयाचा. रविवारच्या बसने तू आईला घेऊन निघणार आहेस, घर विकून तिथेच राहणार आहेस, आणि तुझ्या आईने त्याच्या मापाचा स्वेटर विणायला घेतला आहे. म्हणून हे पत्र. रोझारिओला जाऊ नका. तो एबेर नाही. एबेर इथेच आहे, जुन्या वीटभट्टीच्या मागे, नदीकडे तोंड केलं की डाव्या हाताचा तिसरा निलगिरी, त्याच्या बुंध्यापासून नदीच्या बाजूला नऊ पावलं. बरोबर आणखी कोणी नाही, तो एकटा आहे, आणि पोतं मी काढलं होतं. हे सगळं मी लिहून, खाली अंगठा उठवून, शाळेतल्या त्या कारकुनाकडेही एक प्रत ठेवली आहे. तो नको म्हणत होता, पण घेतली. मला शिक्षा करायचा हक्क सरकारने सोडला आहे, तू सोडलेला नाहीस. मी घरीच आहे. एकटी ये, आईला घेऊन ये, नाहीतर गाव घेऊन ये. आधी भट्टीवर जा. खणायला माणसं लागणार नाहीत, तू एकटीसुद्धा करू शकशील. जमीन कडक होती आणि मी दमलो होतो, त्यामुळे खड्डा फार खोल नाही.

तुझा म्हणवून घ्यायला ज्याला तोंड उरलं नाही तो,
ओरिबे तेचेरा